मानमोडी

बटर पेपर उचलला, आणि त्याच्या आतल्या अंगावर तिला आई दिसली.

ती ओरडली वगैरे नाही. तिच्या कामात ओरडायची सोयच नसते. कागदाची वरची दोन टोकं चिमटीत धरून ती तशीच उभी राहिली आणि सवयीनं श्वास रोखला गेला. खाली टेबलावर, पुठ्ठ्याच्या उघड्या चौकटीत, मूळ चित्र जिथल्या तिथं होतं. तांबड्या खडूनं काढलेलं एका बाईचं डोकं. खांदे नाहीत, हात नाहीत, नुसती मान आणि तिच्यावर पुढं झुकलेलं, जरा एका अंगाला कललेलं डोकं. केस मागं कसेतरी बांधलेले, एक पापणी दुसरीपेक्षा जड. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुण्या उस्तादाच्या हातचं. त्या उस्तादाचं नाव शोधताना चांगले चांगले विद्वान म्हातारे झाले, पण नाव काही हाती लागलं नाही. चौकटीवर 'स्त्रीचे मस्तक, चित्रकार अज्ञात' एवढंच राहिलं, आणि विभागात तिला सगळे मानमोडी म्हणू लागले. संग्रहालयाच्या कागद विभागात जुन्या कागदांची डागडुजी करण्यात तिचा जन्म गेला होता. या मानमोडीची पेटी तिनं किती वेळा उघडली असेल याला गणती नव्हती, आणि एकदाही तिला ते डोकं पाहून कुणाची आठवण झाली नव्हती.

कागदावर चेहरा उमटण्याचं कारण उघड होतं. तळघराच्या भिंतीला ओल धरली म्हणून सगळ्या पेट्या घाईघाईनं वर आणल्या होत्या, आणि आणणाऱ्यांनी मागचापुढचा विचार न करता हिच्या पेटीवर नकाशांची जाडजूड पेटी ठेवून दिली होती. खडू म्हणजे शेवटी माती. शाई कागदात मुरते, खडू मुरत नाही. तो कागदाला नुसता टेकून असतो आणि मनात येईल तेव्हा उठून जातो. वजन पडलं, त्यातली थोडी पूड वर झाकलेल्या बटर पेपरला लागली. म्हणजे कागदावर होता तो चित्राचाच ठसा होता, फिकट आणि उलटा. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. यात भुताटकी काही नव्हती. तरी तो कागद तिच्या हातून खाली ठेवला जाईना.

तिनं कागद खिडकीकडं धरला. पातळच तो, उजेड आरपार आला. या बाजूनं आई होती, तीच जड पापणी, तोच खालचा ओठ, काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखा. तिनं कागद पालटून धरला. ठसा पाठीमागूनही दिसत होता, आणि पाठीमागून तो पुन्हा सुलटा झाला होता. मानमोडी. परकी बाई. पुन्हा पालटला. आई. दिव्याचं बटण सापडलेल्या पोरासारखं तिनं ते पुन्हा पुन्हा केलं, आणि दर खेपेला आई आली आणि गेली.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. माणूस गेलं की सगळंच्या सगळं एकदम जात नाही, हप्त्याहप्त्यानं जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई आयुष्यभर औषधांच्या दुकानात काउंटरमागं उभी राहिली; तिच्या कपड्यांना येणारा तो कडवट वास अजून होता, कपाट उघडलं की नाकात शिरायचा. खोकल्याची ढब होती. चपला काढताना भिंतीला टेकलेला हात होता, नखांसकट होता. चेहरा मात्र नव्हता. सुरुवातीचे काही महिने तो बोलावल्यावर यायचा. मग यायला वेळ लावू लागला. मग नुसती चाहूल लागायची, केसांची कड, कानाची पाळी, आणि नेमका मधला भाग पुसट. आणि अलीकडं तर ती डोळे मिटून जिवाच्या आकांतानं त्याला बोलवायची तेव्हा त्या जागी तो फोटो येऊन उभा राहायचा. तिला त्या फोटोचा राग होता. मेलेल्या माणसाच्या फोटोचा राग येतो हे बोलून दाखवायची चोरी, पण होता.

तो फोटो औषधांच्या दुकानाच्या मालकानं ओळखपत्रासाठी काढायला लावलेला होता. बाबांनी तो नंतर मोठा करून, चौकट बसवून आणला. पाहिल्याबरोबर ती म्हणाली होती, "ही आई नाही."

"मग कोण आहे? शेजारीण?" बाबा म्हणाले होते.

"नाक तिचं आहे, डोळे तिचे आहेत, सगळं तिचं आहे. पण ती नाही ही, बाबा. कुणीतरी तिच्यासारखं बसवलंय."

बाबांनी वाद घातला नाही. बाबा शिंपी, उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही, ते लेकीशी काय घालणार. फोटो कपाटामागं गेला, तोंड भिंतीकडं करून. पण आता त्यांचे डोळे उतरणीला लागले होते. मधूनच म्हणायचे, "लावू या ना गं. डोळ्यांत आहे थोडाफार उजेड तोवर दिसेल तरी. पुढं मला काय, फोटो काय आणि भिंत काय." आणि ती दर वेळी "बघू" म्हणायची. आपण दुष्टपणा करतोय हे तिला कळत होतं. भीती एवढीच होती की फोटो एकदा भिंतीवर लागला, येता-जाता दिसू लागला, की तोच चेहरा उरेल. तिच्यापाशी जो होता, जो आणखी कुणापाशी नव्हता, त्याची उरलीसुरली कानाची पाळीही जाईल. एका घरात दोन आया राहणार नाहीत. म्हाताऱ्याचे डोळे आधी जातात की आपली आठवण आधी जाते, अशी ती शर्यत लावून बसली होती, आणि स्वतःचीच तिला किळस येत होती.

दारात कुणीतरी खाकरलं. संग्रहालयाचा फोटोग्राफर, पेट्या हलवल्यावर प्रत्येक चित्राची पुन्हा छायाचित्रं घ्यायची होती. तो दारातच थांबला, टेबलावर काय उघडं आहे ते पाहिलं आणि शहाण्यासारखा बाहेरच्या कॉरिडॉरकडं तोंड करून बोलू लागला. "काय ताई, मानमोडी उठली का झोपेतून? कॅमेरा लावू?"

"थोड्या वेळानं," ती म्हणाली. तिनंही तोंड खिडकीकडं फिरवलं होतं.

हा या विभागाचा रिवाज होता. उघड्या खडूसमोर कुणी बोलत नाही. शब्दाबरोबर वारा येतो, वाऱ्याबरोबर ओल येते. बोलायचंच असेल तर तोंड फिरवून बोलायचं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं, आणि बाहेरून कुणी आलं तर त्याला वाटायचं की इथं सगळ्यांचं सगळ्यांशी बिनसलंय.

"घरी मी असं बोललो," फोटोग्राफर कॉरिडॉरला म्हणाला, "तर बायको ताट वाढायची नाही. आणि इथं नाही बोललो तर साहेब ठेवायचे नाहीत. माणसानं मानेला बिजागरीच बसवून घ्यावी." तो हसत निघून गेला. ती हसली नाही. कारण ती बिजागरी तिला केव्हाचीच बसली होती आणि ती घरी काढून ठेवता येत नाही, हे तिला फार उशिरा कळलं होतं.

हॉस्पिटलमध्ये, आईच्या शेवटच्या दिवसांत, ती पलंगाच्या कडेला बसायची. आई उशीवर अगदी हलकी पडलेली असायची, गालांची हाडं वर आलेली, कातडीला कागदाचा रंग. ती वाकायची, आईच्या कपाळावरचे केस बाजूला करायची, आणि बोलायची वेळ आली की मान आपोआप वळायची. सलाइनच्या बाटलीकडं बघून ती सांगायची की डॉक्टर उद्या घरी सोडतीलसं म्हणालेत. खिडकीकडं बघून विचारायची, पाणी हवं का. एकदा आई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ठकू, तोंड का फिरवतेस गं?"

"अगं, सवय," ती ओशाळून म्हणाली. "कामातली. खडूवर श्वास पडू नये म्हणून."

आईला हसू आलं. हसताना खोकला आला. मग ती म्हणाली, "मी काय खडूची आहे?"

त्यानंतर आई काही फार दिवस राहिली नाही. आणि आता आठवायला बसलं की सलाइनची बाटली स्पष्ट आठवायची, तिच्यावरची हिरवी पट्टी आठवायची, खिडकीबाहेरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आठवायच्या. बघायचं होतं ते सोडून सगळं बघून घेतलं होतं तिनं.

मधल्या वेळात विभागप्रमुख येऊन गेले. वयानं तिच्यापेक्षा लहान, पण नीटस माणूस. त्यांनी भिंग घेऊन मानमोडी पाहिली, मग कोपऱ्यात जाऊन विचारलं, "नुकसान किती?"

"नजरेला येण्यासारखं नाही. सगळीकडून सारखी पूड उठलीय."

"मग वाचलो म्हणायचं. तो कागद टाकून द्या आणि नवा घाला. आणि त्या हमालांना मी बघतो."

टाकून द्या. खरंच, त्यात ठेवण्यासारखं काही नव्हतं. तिनं नवा बटर पेपर मापाला कापला, बाजूला ठेवला, आणि जुना टाकायला म्हणून उचलला. पुन्हा उजेडात धरला. पापणी फिकट होती. ती जड पापणी, आईच्या सगळ्या चेहऱ्याचं कुलूप जिथं होतं तीच, नेमकी तिथं पूड कमी उठली होती. चित्रकारानं तिथं खडू दाबून, ठासून लावला होता, तो सहजासहजी सुटला नव्हता. डोळा होता, पण झोपेत अर्धवट उघडा राहिल्यासारखा, बघत नसलेला. एवढं आलं, आणि एवढ्यासाठी राहिलं.

पुढं जे झालं ते तिनं ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण नकळत झालं असंही नाही. तिनं तो कागद पुन्हा चित्रावर घातला. ठशाची कड चित्राच्या कडेशी, हनुवटीशी हनुवटी, असा तंतोतंत जुळवला, तिच्याइतकं ते कुणाला जमलंही नसतं. मग उजव्या हाताचं मधलं बोट तिनं कागदावर, बरोबर पापणीच्या जागी, टेकवलं. नुसतं टेकवलं. बोटाखाली कागद थंड होता आणि त्या खाली काहीतरी होतं, मऊ, जरासं सरकणारं. डोळे आल्यावर आई बोळ्यानं तिची पापणी पुसायची तेव्हा आपल्याच बुबुळाचा असा सरकता गोलावा जाणवायचा. आयुष्यभर तिनं लोकांचे हात या कागदांवरून उचलले होते. शाळेच्या सहलीतली पोरं, मोठमोठे पाहुणे, एकदा तर एका मंत्र्याचं बोट तिनं हवेतल्या हवेत धरलं होतं आणि त्यावर विभागात कितीतरी दिवस चेष्टा चालली होती. आता तिनं श्वास रोखला आणि बोट दाबलं.

कागद उचलला तेव्हा आईनं डोळा उघडला होता. पापणीवर तांबडी रेघ ठसठशीत उतरली होती आणि ती नजर, खाली झुकलेली पण सगळं बघणारी, सरळ तिच्याकडं आली. तिच्या तोंडून हुंदका फुटला, आणि फुटता फुटता तिनं तोंड फिरवलं. मग खाली बघायचं धाडस केलं. मानमोडीची पापणी उजळ झाली होती. भिंग लावलं तर दिसेल इतकीच, आणि दिसलं तरी कुणी म्हणेल हमालांनी केलं. शेकडो वर्षं त्या बाईनं जे ओझं डोळ्यावर धरून ठेवलं होतं त्यातलं थोडं तिनं चोरलं होतं. ते परत ठेवता येत नाही. खडूच्या कामात हे एकच खरं आहे. सांडलेलं गोळा होतं, लावता येत नाही.

तिनं नवा कागद झाकला, चौकट मिटली, पेटी बंद केली. फोटोग्राफरला सांगितलं की तब्येत बरी नाही, उद्या घेऊ. जुना कागद तिनं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवला, पुठ्ठे पिशवीत ठेवले आणि ती दुपारीच घरी निघाली. बाबांना दाखवायचं होतं. ही बघा, ही आई. आता तुम्हीच सांगा तो फोटो तिचा आहे का. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर त्यांनीही ही पाहावी, म्हणजे तिच्यापाशी असलेली आई आणखी एका माणसापाशी होईल. बसमध्ये जागा मिळाली नाही. पिशवी छातीशी धरून ती उभी राहिली आणि बस वळली की सगळी गर्दी तिच्या अंगावर यायची, कुणाचा कोपर, कुणाची छत्री. ती दोन्ही हातांनी पुठ्ठे आवळून धरत होती. आपण काय करतोय हे तिला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ती त्याला जन्मभर बोलली असती.

आणि बसच्या त्या गचक्यांमध्ये तिला एक विसरलेली गोष्ट आठवली. फार वर्षांमागं मानमोडी एकदा प्रदर्शनात लावली होती, तेव्हा तिनं दोघांना आणलं होतं. आई इकडं तिकडं बघत, कुठं बसायला मिळेल का याच्या शोधात होती. तिचे पाय दुखायचे. बाबा मात्र मानमोडीसमोर थांबले ते थांबलेच. मग म्हणाले, "अगं, इकडं ये. ही तर तूच आहेस."

आई आली, बघितलं, आणि म्हणाली, "मी? मी काय अशी दिसते? काहीतरीच तुमचं." आणि लेकीकडं वळून, "दिसते का गं?"

"छे," ती म्हणाली होती. दोघी हसल्या होत्या. बाबांना आता चष्मा लावा म्हणाल्या होत्या. बाबाही हसले होते, पण निघताना त्यांनी मागं वळून त्या डोक्याकडं आणखी एकदा बघितलं होतं, ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं.

घराची पुढची खोली म्हणजे पूर्वीचं बाबांचं दुकान. मशीन गेलं, कापडाचे तागे गेले, पण गिऱ्हाइकासाठी ठेवलेला उभा आरसा राहिला होता, कडेनं काळे डाग पडलेला, पायाकडं जरा पुढं झुकलेला. बाबा खिडकीशी बसून मांडीवरच्या डब्यातली बटणं बोटांनी चाचपून वेगळी करत होते. दोन भोकांची इकडं, चार भोकांची तिकडं. कशासाठी, ते विचारायचं नसायचं.

"आज लवकर?" ते म्हणाले.

"तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." तिनं त्यांच्यासमोर स्टूल ओढलं, त्यावर पुठ्ठे ठेवले, बाबांची मान खिडकीच्या उजेडाकडं वळवली आणि वरचा पुठ्ठा उचलला.

बाबांनी वाकून बघितलं. डोळे बारीक केले. मग आणखी वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. "कोरा कागद दाखवतेस होय आंधळ्याला?" ते म्हणाले. चिडून नाही, खरंच विचारल्यासारखं.

तिनं बघितलं. कागदावर एक तांबूस फराटा होता. कपाळ नाही, ओठ नाही, पापणी नाही. ओल्या कपड्यानं पुसलेल्या पाटीवर उरतो तसला नुसता रंगाचा संशय. गुळगुळीत कागद, दोन पुठ्ठे, आणि सबंध रस्ताभर छातीशी आवळून धरलेलं ते सगळं. तिनं स्वतःच्या हातांनी आईला घासून पुसून काढलं होतं. ती बाबांच्या पायाशी खाली बसली आणि रडू लागली, आई गेली तेव्हा रडली नव्हती इतकं, नाकातोंडातून पाणी, लहानपणी रडायची तसं. बाबांनी डबा बाजूला ठेवला, हात पुढं करून तिचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. मग तिनंच सगळं सांगितलं, अडखळत, उलटसुलट. ठसा, खिडकी, या बाजूनं आई, त्या बाजूनं परकी. बोट दाबलं तेही सांगितलं. तिला वाटलं होतं बाबा त्याबद्दल बोलतील. बाबांचं लक्ष दुसरीकडंच लागलं होतं.

"उलटी म्हणजे कशी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे आरशात दिसतं ना, तशी."

बाबांचा हात तिच्या डोक्यावर थांबला. मग ते हसले. बऱ्याच महिन्यांनी हसल्यामुळं आवाज घोगरा आला. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "अगं ठकू, तू तिला बघितलीस कधी? सकाळी वेणी घालायला बसवायची ती तुला, त्या आरशासमोर. तू पुढं स्टुलावर, ती मागं. काय गप्पा चालायच्या दोघींच्या. पण एकमेकींकडं बघून नव्हे, आरशात बघून. मग ती औषधांच्या दुकानात पळायची ती रात्री यायची, आल्यावर ओट्याकडं तोंड. तुला घरात तिची पाठ दिसायची आणि आरशात तोंड."

तिनं पदरानं नाही, तळव्यानंच डोळे पुसले.

"तिलाही तो फोटो आवडायचा नाही, ठाऊक आहे? ही मी नाहीच म्हणायची. आता तिनं तरी स्वतःला कुठं बघितलं होतं, आरशातच की. माझी गिऱ्हाइकं तशीच. मी म्हणायचो तुमचा डावा खांदा उतरलाय, ते म्हणायचे उजवा. ते आरशात बघायचे, मी माणसाकडं. तुम्ही दोघी एकाच आरशात बघत बसायच्यात. मी इथं बाजूला मशीनवर. मला बापड्याला आरसा नाही, काही नाही, मला नुसत्या तुम्हीच दिसायच्यात." ते थांबले. "म्हणून तर त्या चित्रात मला ती दिसली. सुलटी होती ना ती."

ती उठली. कपाटामागं हात घालून तिनं फोटो ओढून काढला. काचेवर धूळ बसली होती, ती तिनं बाहीनं पुसली. कामावर असती तर बाहीनं कधी पुसली नसती. चेहऱ्याकडं न बघताच ती आरशासमोर गेली, फोटो आरशाकडं तोंड करून छातीशी धरला आणि मग डोळे वर केले. आई होती. पुरती, रंगासकट, कानाच्या पाळीसकट, पापणी जिथं जड असायला हवी तिथं जड. कुणाकडून काही चोरावं लागलं नव्हतं. वर्षभर ती इथंच होती, कपाट आणि भिंतीच्या मध्ये, आरशापासून चार पावलांवर. ती आणखी जवळ गेली, काचेला नाक लागेल इतकी, आणि "आई" म्हणाली, सरळ समोर बघून. श्वासाची वाफ आरशावर बसली आणि चेहरा नाहीसा झाला. पण आरसा खडूचा नव्हता. वाफ कडेकडेनं विरत गेली आणि आई होती तिथं परत आली.

"दिसली?" बाबांनी विचारलं.

"दिसली."

"मग लाव आता. मलाही दिसू दे."

आरशाच्या समोरच्या भिंतीवर तिनं खिळा ठोकला. बाबांनी उठून, चौकटीच्या खालच्या कडेवरून तळवा फिरवून सांगितलं, डावीकडं उतरतंय, थोडं वर, हां. मग ते खुर्ची फोटोच्या अगदी जवळ ओढून बसले आणि मान वर करून बघू लागले. त्यांना सुलटी दिसत होती की नुसता एक उजळ चौकोन दिसत होता, हे तिनं विचारलं नाही. ते फोटोशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. बहुधा बटणांबद्दल.

तिनं स्टुलावरचे पुठ्ठे उचलून खाली ठेवले. तो तांबूस कागदही. उद्या पेटी उघडावी लागणार होती, कॅमेऱ्यासमोर त्या पापणीवर दिवे येणार होते, आणि ते बोट तिचं होतं हे संग्रहालयात यापुढं एक ती मानमोडीच जाणून राहणार होती. तिनं हाताकडं बघितलं. मधल्या बोटाच्या रेषांत तांबडं काहीतरी अजून होतं. ते तिनं पुसलं नाही. स्टूल आरशासमोर ओढून ती त्यावर बसली, खूप वर्षांनी, गुडघे जवळ घेऊन, आणि समोर बघितलं. आरशात एक पिकल्या केसांची बाई होती. आयुष्यभर टेबलावर वाकून मान पुढं आलेली, डोकं झुकलेलं, एका अंगाला कललेलं. तिनं तिला लगेच ओळखलं. खांद्यामागून, भिंतीवरून, आई त्या डोक्याकडं बघत होती, वेणी घालायला घेण्याआधी भांग सरळ येतोय का बघायची तशी.

मानेवर, केस सुरू होतात तिथं, काहीतरी थंड टेकलं. मग केस मागं ओढले गेले, हलकेच, तीन पेडांत.

"मान सरळ ठेव," मागून आवाज आला, औषधांच्या त्या कडवट वासासकट.

तिनं मान सरळ केली.